नळ दिवसाआड, आजार बारमाही

पुण्यात २०२५ च्या जानेवारीत 'गिया बारे सिंड्रोम' हे अवघड नाव घरोघरी पोहोचले. सिंहगड रस्ता परिसरातील नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांतून हातापायांतील बळ गेलेले रुग्ण एकापाठोपाठ एक रुग्णालयांत दाखल होऊ लागले. मार्चच्या सुरुवातीपर्यंत संशयित आणि निश्चित निदान झालेल्या रुग्णांची संख्या २२५ वर गेली होती. त्यांपैकी ९५ रुग्ण पुणे महापालिकेत नव्याने समाविष्ट झालेल्या गावांतील होते. जुन्या पुणे शहरातील रुग्ण ४६, पुणे ग्रामीणमधील ३७, पिंपरी-चिंचवडमधील ३३, तर अन्य जिल्ह्यांतील १४ होते.

या आकडेवारीत रुग्णसंख्येइतकीच रुग्णांच्या पत्त्यांची बाब महत्त्वाची आहे. सर्वाधिक झळ बसली ती महापालिकेचे नाव मिळालेल्या, परंतु महापालिकेचे पाणी पुरेसे न मिळालेल्या वस्त्यांना. पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, आळंदी रस्त्यावरील दिघी हेही एकेकाळी असेच समाविष्ट गाव होते. त्यामुळे सिंहगड रस्त्यावरील साथ ओसरली, तरी तिने उपस्थित केलेला प्रश्न दिघीसारख्या उपनगराच्या दाराशी उभा आहे. रुग्णालयात दिसणारा आजार नेमका सुरू कोठे होतो, हा तो प्रश्न होय.

गाव, शहर आणि नळ

दत्तगडाच्या पायथ्याचे आणि लष्करी हद्दीला खेटून असलेले दिघी १९९७ मध्ये चिखली, मोशी, चऱ्होली आदी गावांसह पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. पुढील काळात शहराची लोकसंख्या झपाट्याने वाढली. २००१ च्या जनगणनेत ती १० लाख १२ हजार होती; २०११ मध्ये १७ लाख २७ हजारांवर पोहोचली. चाकण, भोसरी आणि तळवड्याच्या कारखान्यांत काम करणारा वर्ग, तसेच निवृत्त लष्करी कर्मचारी यांनी दिघी-बोपखेल-चऱ्होली हा पट्टा भरत गेला. जुन्या गावठाणाच्या भोवती एक-दोन गुंठ्यांवरची घरे उभी राहिली आणि त्यांच्या शेजारी गृहसंकुलेही आली.

पाण्याचा पुरवठा मात्र या वेगाने वाढला नाही. शहराची मुख्य भिस्त पवना धरणावर आहे. नदीतून वाहत आलेले पाणी रावेत येथील बंधाऱ्यावरून उचलून निगडीच्या केंद्रात शुद्ध केले जाते. धरणापासून थेट बंद जलवाहिनी आणण्याचा प्रकल्प ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात झालेल्या गोळीबारानंतर दशकाहून अधिक काळ रखडला. या गोळीबारात तीन आंदोलकांचा बळी गेला होता. पर्याय म्हणून आंद्रा धरणाचे दररोज १०० दशलक्ष लिटर आणि भामा आसखेडचे १६७ दशलक्ष लिटर पाणी शहरासाठी मंजूर झाले. आंद्राचे पाणी इंद्रायणीवरील निघोजे बंधाऱ्यातून उचलून चिखलीच्या केंद्रात शुद्ध करण्याची व्यवस्था उभी राहिली.

दरम्यान, नोव्हेंबर २०१९ मध्ये संपूर्ण शहराला दिवसाआड पाणी देण्याचा निर्णय झाला. ही व्यवस्था तात्पुरती असल्याचे तेव्हा सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात ती वर्षानुवर्षे कायम राहिली. एका दिवशी अर्ध्याच शहराला पाणी द्यायचे असल्याने त्या भागाला पुरेशा दाबाने पाणी मिळते, टोकाच्या वस्त्यांपर्यंत ते पोहोचते आणि तक्रारी घटतात, असा प्रशासनाचा युक्तिवाद होता. समान वाटपाच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. परंतु सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने या वेळापत्रकाची वेगळी किंमत मोजावी लागते आणि ती पाणीपुरवठा विभागाच्या ताळेबंदात दिसत नाही.

स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला

गिया, बारे आणि स्ट्रोल या फ्रेंच वैद्यांनी १९१६ मध्ये वर्णन केलेला हा विकार नवा नाही आणि संसर्गजन्यही नाही. जगभरात दरवर्षी लाख लोकसंख्येमागे एक ते दोन व्यक्तींना तो होतो. शरीरात शिरलेल्या जंतूशी लढण्यासाठी रोगप्रतिकारक यंत्रणा प्रतिपिंडे तयार करते. काही जंतूंच्या बाह्य आवरणातील घटक माणसाच्या मज्जातंतूंवरील घटकांशी मिळतेजुळते असतात. त्यामुळे प्रतिपिंडांची गफलत होते आणि ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला चढवतात. मेंदूकडून स्नायूंकडे जाणारा संदेश मग वाटेतच अडखळतो.

अशी गफलत घडवणाऱ्या जंतूंमध्ये 'कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी' हा जिवाणू आघाडीवर आहे. दूषित पाणी, कच्चे दूध आणि नीट न शिजवलेले कोंबडीचे मांस ही त्याच्या प्रसाराची प्रमुख माध्यमे आहेत. पुण्यातील रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासणी झाली, तेव्हा काहींमध्ये हाच जिवाणू, तर काहींमध्ये नोरोव्हायरस आढळला.

कॅम्पिलोबॅक्टरचा संसर्ग झालेल्या साधारण हजार जणांपैकी एखाद्यालाच पुढे हा विकार होतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. हा दिलासा एकट्या रुग्णासाठी ठीक आहे. शहरासाठी मात्र तोच इशारा ठरतो. एखाद्या भागात अल्पावधीत या विकाराचे अनेक रुग्ण दिसले, तर त्यांच्यामागे जुलाब होऊन घरीच बऱ्या झालेल्या माणसांची मोठी संख्या असू शकते. ती कोणत्याही नोंदवहीत येत नाही.

जुलाब किंवा ताप येऊन गेल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी पायांत मुंग्या येऊ लागतात. जिना चढणे, बसल्या जागेवरून उठणे अवघड होते. हा अशक्तपणा पायांकडून वर सरकतो. गिळताना त्रास होणे, आवाज बदलणे, दम लागणे ही धोक्याची लक्षणे आहेत. चार-पाच रुग्णांमागे एकाला कृत्रिम श्वासोच्छ्वासाची गरज भासू शकते. वेळेत उपचार मिळाल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात. मात्र पूर्ववत होण्यास कित्येक महिने लागतात. पुण्यातील या साथीत मार्च २०२५ च्या सुरुवातीपर्यंत १२ मृत्यूंची नोंद झाली होती.

इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शने किंवा रक्तातील प्लाझ्मा बदलणे हे दोन सिद्ध उपचार आहेत आणि ते पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाल्यास अधिक उपयोगी पडतात. केवळ स्टेरॉइडचा या विकारात फायदा होत नाही. इम्युनोग्लोब्युलिनची नेहमीची मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.४ ग्रॅम, अशी पाच दिवस दिली जाते. साठ किलो वजनाच्या रुग्णाला एकूण १२० ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या २४ कुप्या लागतात. साथीच्या काळात एका कुपीची किंमत वीस हजार रुपयांच्या घरात सांगितली जात होती. म्हणजे केवळ या औषधाचा खर्च पाच लाखांच्या जवळ जातो. त्यामुळेच पिंपरी-चिंचवडच्या रुग्णांवर यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात मोफत उपचारांची घोषणा करावी लागली. हा निर्णय आवश्यकच होता. परंतु ज्या जिवाणूला पाण्यातील पुरेसे क्लोरीन सहज मारते, त्याच्या परिणामांवर एका रुग्णामागे लाखो रुपये खर्च व्हावेत, यातच व्यवस्थेचे अपयश दडलेले आहे.

रिकाम्या वाहिनीत काय शिरते?

शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडताना पाणी स्वच्छ असते. पुढील काही किलोमीटरच्या प्रवासात ते बिघडू शकते. वाहिनीत सतत दाब असेल, तर एखाद्या सांध्यातून पाणी बाहेर गळते. बाहेरची घाण आत येत नाही. पुरवठा बंद झाला की दाब उतरतो, वाहिनी रिकामी होते आणि आत पोकळी निर्माण होते. शेजारून सांडपाण्याची वाहिनी जात असेल आणि तीही गळकी असेल, तर तेथील मैलामिश्रित ओल याच सांध्यातून आत ओढली जाते. दुसऱ्या दिवशी पाणी सुटले की पहिला लोंढा ही सगळी घाण घेऊन नळापर्यंत येतो. थेट नळजोडाला मोटार लावून पाणी खेचले जाते, तेव्हाही नेमके हेच घडते. एका घराने आपली टाकी भरताना शेजारच्या दहा घरांच्या पाण्याला धोका निर्माण झालेला असतो.

कर्नाटकातील हुबळी-धारवाडमध्ये शहराच्या काही भागांना चोवीस तास, तर उर्वरित भागांना ठरावीक काळाने पाणी मिळत असल्याने संशोधकांना दोन्हींची तुलना करता आली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, चोवीस तास पुरवठ्याच्या भागातील नळांच्या एक टक्क्याहून कमी नमुन्यांत मैलादर्शक ई-कोलाय जिवाणू आढळला. अधूनमधून पाणी मिळणाऱ्या भागांत हे प्रमाण जवळपास तीस टक्के होते.

सात पिंपांचे गणित

दिवसाआड पुरवठ्याची दुसरी बाजू नळापाशी नव्हे, तर घरात दिसते. माणशी दररोज १३५ लिटर हा शहरी पुरवठ्याचा मान्य निकष धरला, तर पाच जणांच्या कुटुंबाला दोन दिवसांसाठी १,३५० लिटर पाणी साठवावे लागते. दोनशे लिटरच्या पिंपांच्या हिशेबात ही जवळपास सात पिंपे झाली. जमिनीखाली टाकी आणि गच्चीवर दुसरी टाकी असलेल्या गृहसंकुलात दिवसाआड पाणी आहे, याची जाणीवही होत नाही. दोन खोल्यांत भाड्याने राहणाऱ्या कामगाराच्या घरी मात्र पिंप, बादल्या, घागरी मोरीपासून दारापर्यंत मांडल्या जातात.

डेंगी, चिकुनगुनिया आणि झिका हे तिन्ही आजार पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाला गटाराचे नव्हे, असेच साठवलेले स्वच्छ पाणी लागते. मादी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या आतील भिंतीला अंडी चिकटवते. ही अंडी कोरड्यातही कित्येक महिने टिकतात आणि पाणी चढताच फुटतात. अंड्यापासून पूर्ण डास तयार होण्यास साधारण सात ते दहा दिवस पुरतात. घरोघरी पाणी आल्यावर 'शिळे' पाणी ओतून ताजे भरण्याची पद्धत आहे. मात्र मोठे पिंप सहसा पूर्ण रिकामे होत नाही, त्यावर नुसती भर पडत राहते. आतील भिंत घासली न गेल्याने अंडी तशीच राहतात.

राज्यातील झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातीलच पुरंदर तालुक्यात, बेलसर या गावी आढळला होता. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे शहरात झिकाचे अनेक रुग्ण निघाले आणि चिकुनगुनियानेही डोके वर काढले. गर्भवतींना झिका झाल्यास बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. त्यामुळे पिंपातील अळी ही केवळ अस्वच्छतेची किरकोळ बाब राहत नाही.

धूरफवारणी दिसते, म्हणून नागरिक तिची मागणी करतात. तिने उडणारे डास काही काळ मरतात. पिंपातील अळ्यांना काहीही होत नाही. महापालिकेचे कर्मचारी घरोघरी जाऊन भांडी तपासतात आणि डासोत्पत्ती आढळल्यास दंडाची कारवाई केली जाते. या मोहिमेची गरज आहेच. परंतु एक विभाग पाणी साठवायला भाग पाडतो आणि दुसरा विभाग साठवलेल्या पाण्यातील अळीबद्दल दंड करतो, ही विसंगती नागरिकांच्या नजरेतून सुटत नाही.

तीन विभाग, तीन नोंदवह्या

जुलाबाचा रुग्ण, डेंगीचा रुग्ण आणि गिया बारेचा रुग्ण वेगवेगळ्या रकान्यांत मोजले जातात. जलवाहिनीची गळती पाणीपुरवठा विभागाकडे, सांडपाण्याची तक्रार जलनिस्सारण विभागाकडे आणि ताप आरोग्य विभागाकडे नोंदवला जातो. कोणत्या गल्लीत वाहिनी फुटली आणि पुढील पंधरा दिवसांत त्याच गल्लीत जुलाबाचे किती रुग्ण निघाले, हे एका नकाशावर मांडले तरच कारण सापडते. लंडनमध्ये १८५४ साली जॉन स्नो यांनी कॉलऱ्याचे मृत्यू नकाशावर मांडून ब्रॉड स्ट्रीटच्या हापशापर्यंत माग काढला. तेव्हा कॉलऱ्याचा जिवाणू सर्वमान्य झालेला नव्हता. पत्त्यांची नोंद मात्र चोख होती.

महाराष्ट्रातही धडे कमी नाहीत. २०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे 'हेपटायटिस ई' प्रकारच्या काविळीची मोठी साथ पसरली आणि अनेकांचा बळी गेला. सिंहगड रस्ता परिसरात २०२५ मध्ये काही ठिकाणच्या पाण्यात क्लोरीनचा अंश आढळला नाही. अशुद्ध पाणी विकणारे काही खासगी 'आरओ' प्रकल्प बंद करावे लागले. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावे २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली होती. म्हणजे महापालिकेची हद्द पोहोचून साडेतीन वर्षे झाल्यानंतरही तेथील अनेक कुटुंबे विहीर, टँकर आणि विकतच्या पाण्यावर विसंबून होती. गाव शहरात येताना मिळकतकर आणि बांधकाम परवाने लवकर येतात. शुद्ध पाणी आणि मैलावाहिनी यायला पिढी जाते, हा अनुभव दिघीलाही नवा नाही.

चोवीस तास पाणी : शक्यता आणि मर्यादा

चोवीस तास पाणी ही श्रीमंत शहरांची चैन असल्याचा समज आहे. साताऱ्याच्या कराड तालुक्यातील मलकापूरने २००९ च्या सुमारास तो खोटा ठरवला. प्रत्येक जोडाला मीटर, वापरानुसार चढत जाणारे दर आणि गळतीवर नियंत्रण यांच्या बळावर या छोट्या गावाने अखंड पुरवठा सुरू केला आणि त्याची दखल राष्ट्रीय पातळीवर घेतली गेली. पिंपरी-चिंचवडमध्येही जेएनएनयूआरएम आणि नंतर अमृत योजनेतून जलवाहिन्या बदलण्याची व चोवीस तास पुरवठ्याच्या तयारीची कामे झाली. मलकापूर आणि पिंपरी-चिंचवड यांच्या आकारात मोठा फरक आहे, हे मान्य करावे लागेल. तरीही एखाद्या प्रभागापासून सुरुवात करणे अशक्य नाही.

अखंड पुरवठा हा रामबाण उपाय आहे, असेही नाही. हुबळी-धारवाडमधीलच २०१५ च्या अभ्यासात लहान मुलांच्या एकूण जुलाबांत लक्षणीय घट दिसली नाही. विषमज्वर आणि गरीब कुटुंबांतील रक्ती आव यांचे प्रमाण मात्र कमी आढळले. हातांची स्वच्छता, शौचालये आणि उघड्यावरचे अन्न हे मार्ग खुले राहिले, तर नळ एकटा किती पुरणार? परंतु सर्वाधिक फायदा गरीब घरांना होतो, ही बाब दिघीसारख्या कामगारवस्तीसाठी निर्णायक ठरते.

अखंड पुरवठा येईपर्यंत काही गोष्टी तातडीने करता येतील. भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असले पाहिजे. त्याची तपासणी शुद्धीकरण केंद्रात नव्हे, तर वाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या घरात व्हावी आणि आकडे प्रभागनिहाय जाहीर व्हावेत. जलवाहिनी आणि मैलावाहिनी जेथे शेजारी-शेजारी आहेत, ते टापू आधी दुरुस्त व्हावेत. पाणी गढूळ आल्याची तक्रार आरोग्य विभागाकडेही त्याच दिवशी पोहोचावी.

घरी काय करावे?

पाणी सुटल्यावर पहिल्या काही मिनिटांचे पाणी पिण्यासाठी भरू नये. ते फरशी पुसण्यास किंवा शौचालयासाठी वापरावे. साथीच्या काळात पिण्याचे पाणी खळखळून उकळावे. उकळल्याने कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस दोन्ही नष्ट होतात. थंड केल्याने किंवा बर्फ केल्याने होत नाहीत. पाणी झाकून ठेवावे आणि ओगराळ्याने काढावे. कोंबडीचे मांस पूर्ण शिजवावे. कच्चे मांस कापलेला विळा, सुरी, पाट धुतल्याशिवाय अन्य भाजीसाठी वापरू नये. नळाला थेट मोटार जोडू नये.

आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळावा. त्या दिवशी पिंप पूर्ण रिकामे करून आतून घासावे. रिकामे करता न येणाऱ्या टाक्यांना घट्ट झाकण असावे किंवा त्यांत गप्पी मासे सोडावेत. एडिस डास दिवसा चावतो, त्यामुळे लहान मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. डेंगीत ताप उतरल्यावर धोका टळला असे समजू नये. ताप उतरण्याचा काळच अनेकदा गंभीर ठरतो. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, कमालीची सुस्ती ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. केवळ प्लेटलेटचा आकडा पाहून घाबरण्यापेक्षा रुग्णाच्या पोटात पुरेसे द्रव जात आहे की नाही, याकडे लक्ष देणे अधिक महत्त्वाचे आहे.

वारीचा धडा

संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दरवर्षी आळंदीहून पुण्याकडे जाताना दिघीतूनच पुढे सरकते. एकेकाळी पंढरीच्या वारीशी कॉलऱ्याचे नाव जोडले गेले होते. आज लाखो वारकरी पायी चालत असूनही ती भीती उरलेली नाही, कारण वाटेवरचे पाण्याचे स्रोत तपासले जातात, टँकरमधील क्लोरीन पाहिले जाते आणि आरोग्य पथके ठिकठिकाणी उभी असतात. तेव्हा पाणीपुरवठा, आरोग्य आणि स्वच्छता हे विभाग एकाच वेळी, एकाच रस्त्यावर काम करतात.

याचा अर्थ, हे काम कसे करायचे हे प्रशासनाला ठाऊक आहे. पालखी पुढे गेल्यावर त्या रस्त्यावर राहणारी माणसे मागे उरतात आणि त्यांचा नळ पुन्हा दिवसाआडच्या वेळापत्रकावर जातो. वारकऱ्याच्या तांब्यातील पाण्याची जितकी काळजी एक दिवस घेतली जाते, तितकी दिघीकरांच्या पिंपातील पाण्याची उरलेले ३६४ दिवस घेतली गेली, तर पुढच्या साथीची बातमी कदाचित लिहावी लागणार नाही.